२७ स्पर्धा, ८ फायनल फोर, १ विजेतेपद: टॉम इझोला नक्की कुठे बसवायचं?

नौपाडा_झोन | १ एप्रिल २०२५, सकाळी ११:४०

मंडळी, प्रश्न अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा, म्हणजे मिशिगन स्टेटचा कोच टॉम इझो ह्याचा आहे, पण भांडण घरातलं आहे. त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवली. श्रीखंड-पुरीने डोळे मिटायला लागले होते, तरी रात्री अडीचचा गजर लावला. गजर वाजल्यावर हिने उशीवरून मान न उचलता विचारलं, "कोण आजारी आहे?" म्हटलं, कोणी नाही, मिशिगन स्टेट आणि ऑबर्न. तिने कूस बदलली. मी पंखा बारीक केला आणि मुलीने लावून दिलेल्या लिंकवर फोन मांडून बसलो.

हाफटाइमला आमचे ३३-२४ असे मागे. दुसऱ्या हाफमध्ये ऑबर्नचा ब्रूम कोपर धरून आत गेला तेव्हा वाटलं, आता आली आपली वेळ. कसली वेळ! गडी थोड्या वेळाने परत आला आणि आल्या आल्या तीन गुणांचा शॉट टाकला. २५ गुण, १४ रिबाऊंड. ७०-६४ ने हरलो. बाहेर दूधवाल्याच्या सायकलचा आवाज यायच्या आत जावईबापूंचा मेसेज हजर: "बाबा, तुमच्या गुरूजींचं एकच विजेतेपद, तेही २००० सालचं. तेव्हा मी चौथीत होतो."

आता जावईबापूंचं सांगतो. ते ॲन आर्बरचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचे. मुलगी ईस्ट लान्सिंगची, म्हणजे मिशिगन स्टेटची. दोघं नोव्हायला राहतात आणि लग्न टिकून आहे हेच विशेष. ती शिकत असताना आम्ही दोघं तिकडे गेलो होतो, तेव्हा तिने ब्रेस्लिन सेंटरमध्ये एक सामना दाखवला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं, जिकडे बघावं तिकडे हिरवं, आणि खाली कोर्टाच्या कडेला एक बुटका माणूस, हाच इझो. त्यांचा सेंटर चांगला पावणेसात फुटी. टाइमआऊटमध्ये (खेळ थांबवून कोचला बोलायला मिळतं तेव्हा) हा बुटका त्याच्या छातीशी उभा राहून त्याला असा झापत होता, की पोरगा वरून खाली मान घालून ऐकत होता. आणि टाइमआऊट संपताना त्याच पोराच्या पाठीवर धपाटा घालून त्याला आत पाठवलं. मी तिथल्या तिथे पक्षप्रवेश केला.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअर्सला ३१ वर्षं काढली. आवक, जावक, शिल्लक असे रकाने पाडल्याशिवाय मला काही समजत नाही. म्हणून मेसेजला उत्तर न देता वही काढली आणि इझोच्या सगळ्या एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय) स्पर्धा फेरीवार मांडल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्चमध्ये ६८ संघ, बाद पद्धत, एक हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं. विजेतेपदाला सलग सहा सामने जिंकावे लागतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी दोन सामने, मध्ये एक दिवस. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच दोन. मग उरलेले चार संघ एका शहरात जमतात, शनिवारी उपांत्य आणि सोमवारी अंतिम सामना. त्यालाच फायनल फोर म्हणतात.

इझो १९९५ला मुख्य कोच झाला. पहिली दोन वर्षं ह्या स्पर्धेत जागाच मिळाली नाही, दुय्यम एनआयटीत खेळला. १९९८पासून आजपर्यंत एकही वर्ष चुकलेलं नाही (२०२०ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही). म्हणजे २७ स्पर्धा. त्यात ५९ विजय, २६ पराभव. आता फेरीवार बघा. पहिल्याच सामन्यात ६ वेळा बाद. उरलेल्या २१ पैकी ५ वेळा दुसऱ्या सामन्यात बाद. शेवटच्या सोळांत १६ वेळा पोचला, तिथे ११ वेळा जिंकला. शेवटच्या आठांत ११ वेळा, त्यातून ८ वेळा पुढे. इथपर्यंत रकाना देखणा आहे हो. आणि मग उपांत्य फेरी: ८ पैकी फक्त २. अंतिम सामने २, जिंकला १.

जावई म्हणतात, हा रकाना सगळं सांगतो. उंबरठ्यापर्यंत नेणारा माणूस, घरात नेणारा नव्हे.

आता माझी गोम. मी स्वतः ठाण्यातल्या एका कॉलेजच्या पोरांना संध्याकाळी १९ वर्षं शिकवलं. पगारी नव्हतो, मानधन होतं, आणि तेही दिवाळीनंतर मिळायचं. झोनलच्या अंतिम सामन्यात चार वेळा पोचलो. चारही हरलो. १९९८चा तर एका गुणाने. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि हाफला दोन टाइमआऊट. शेवटची अकरा सेकंद, चेंडू आमच्याकडे, पोरं माझ्याकडे बघतायत, आणि दुसऱ्या हाफचे दोन्ही टाइमआऊट मी आधीच उधळलेले, तेही रेफरीवर चिडून पोरांवर ओरडण्यासाठी. त्या अकरा सेकंदांत काय करायचं ते माझ्या डोक्यात तयार होतं, सांगायला तोंड नव्हतं. कोपऱ्यातून भलताच शॉट गेला, बोर्डाच्या कडेला लागून बाहेर.

तर मी ह्यात तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकलं. आता तुम्ही सांगा. फक्त विजेतेपदं मोजायची? फायनल फोर मोजायचे? का मानांकनाच्या मानाने किती पुढे गेला ते बघायचं? इझो चार वेळा पहिलं मानांकन घेऊन उतरला, त्यात तीनदा फायनल फोर गाठला. पण २००५ आणि २०१०ला तो पाचव्या मानांकनावरून तिथे पोचलाय, २०१५ला सातव्यावरून. ह्याचे गुण कुठल्या रकान्यात घालायचे?

---

ऐरोली_नॉकआऊट | १ एप्रिल, दुपारी १:१५

काका, लिहिलंय छान, पण जावयाची बाजू भक्कम आहे.

साधं गणित. ८५ सामन्यांत ५९ विजय म्हणजे सुमारे ७० टक्के. दर सामना ७० टक्क्यांनी जिंकणारा संघ सलग सहा जिंकण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या जरा खाली येते. कमी वाटते, पण गडी २७ वेळा उतरलाय. २७ गुणिले १२ टक्के म्हणजे तीन विजेतेपदं यायला हवी होती. आलं एक.

आणि तुलना कराच म्हणत असाल तर कनेक्टिकटचा जिम कॅलहून घ्या. फायनल फोर फक्त चार, विजेतेपदं तीन (१९९९, २००४, २०११). माणूस तिथे कमी वेळा गेला, पण गेला की घेऊनच आला. ड्यूकचा शशेव्हस्की: १३ फायनल फोर, ५ विजेतेपदं. रॉय विल्यम्स: ९ आणि ३. बॉब नाइट: ५ आणि ३. ह्या यादीत ८ आणि १ कसं दिसतं ते तुम्हीच सांगा.

ता. क. २०१६ राहिलं. दुसरं मानांकन, समोर पंधराव्या मानांकनाचं मिडल टेनेसी, ९०-८१ ने पराभव. ते कुठल्या रकान्यात आहे?

---

नौपाडा_झोन | १ एप्रिल, दुपारी ४:०५

आहे की, पहिल्या सहांमध्ये आहे. लाल पेनाने.

पण तुमच्या यादीत एक गंमत आहे बघा. कॅलहून चारपैकी एकदाच उपांत्य फेरीत अडकला. २००९, डेट्रॉईट, ८२-७३. अडवणारा कोण? आमचा बुटका. त्या वर्षी डेट्रॉईटचे मोटार कारखाने बुडायला आले होते आणि त्याच राज्यातलं, दीड तासावरचं कॉलेज अंतिम सामन्याला उभं होतं. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने ८९-७२ असं धुतलं, ते सोडा.

पंधराव्या मानांकनाचं म्हणाल तर शशेव्हस्कीही २०१२ला लीहायकडून ७५-७० ने गेलाय आणि २०१४ला चौदाव्या मानांकनाच्या मर्सरकडून. बाद पद्धतीत हे होतंच. आमच्या वेळी एका झोनलला पहिल्या मानांकनाचा संघ, लोकलचा घोळ झाला म्हणून अर्धाच पोचला होता. पाच पोरं, बदली एकही नाही, एखाद्याचा पाचवा फाऊल झाला की तो बाहेर. कोच काय करणार तिथे, मोटरमनला शिव्या?

गणिताचं मात्र मला उत्तर सुचत नाही. तीन यायला हवी होती हे वाचून जेवण गेलं नाही.

---

पॉइंटगार्ड_नेरुळ | १ एप्रिल, रात्री १०:२०

काका, जेवा. ते गणित चुकलंय.

सगळे सामने ७० टक्क्यांचे नसतातच. १९८५पासून स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून गेल्या महिन्यापर्यंत पहिलं विरुद्ध सोळावं मानांकन असे १६० सामने झाले. पहिलं मानांकन किती वेळा हरलं? दोनदा. २०१८ला व्हर्जिनिया आणि २०२३ला परड्यू. म्हणजे पहिल्या फेरीतला विजय जवळजवळ फुकट आणि उपांत्य फेरीतला नाणेफेकीसारखा. सरासरी काढून तिचा सहावा घात करायचा हे म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आणि दुपारी दोनच्या लोकलची सरासरी गर्दी काढून सीट मिळेल का सांगण्यासारखं. उरण लाइनवाल्यांना विचारा.

मला तुमच्या वहीत दुसरंच काही दिसलं, म्हणून लिहायला बसले. मी विद्यापीठाकडून खेळलेली आहे, कोचिंग केलेलं नाही, त्यामुळे चूक असेल तर कान धरा.

तुम्ही फेऱ्या वरून खाली मांडल्यात. त्या विश्रांतीप्रमाणे मांडून बघा. दुसरा, चौथा आणि सहावा सामना हे मध्ये एकच दिवस मिळून खेळायचे असतात. त्यात त्याचे आकडे: १६-५, ८-३, १-१. बेरीज २५-९. पहिला, तिसरा, पाचवा सामना निवांत तयारी करून खेळायचे. त्यात २१-६, ११-५, २-६. बेरीज ३४-१७. म्हणजे तयारीला वेळ असताना दोन तृतीयांश जिंकतो आणि वेळ नसताना जवळपास पाऊण. आणि हे लक्षात घ्या, की दुसऱ्या सामन्यातला प्रतिस्पर्धी पहिल्यापेक्षा तगडाच असतो. उलटं व्हायला हवं होतं!

एका दिवसाची तयारी म्हणजे काय ते मी पाहिलंय. आमची आंतरविद्यापीठ स्पर्धा परराज्यात होती. संध्याकाळी सहाला कळलं, की सकाळी आठला ज्यांच्याशी आहे त्या मुलींना आमच्यापैकी कुणी कधी बघितलेलंही नाही. मॅडम त्यांचा सामना बघून आल्या, पाठीमागे लिहिलेलं एक बसचं तिकीट हातात. लॉजच्या गच्चीवर गेलो. वाळत घातलेल्या चादरी एका कडेला सारल्या. खडू नव्हता, तर एकीने विटेचा तुकडा आणला आणि फरशीवर 'की' (बास्केटसमोरचा चौकोन) आखली. मॅडमनी दोनच गोष्टी सांगितल्या. त्यांची सात नंबर डावीकडेच जाते. आणि त्या इनबाउंडला (बाहेरून चेंडू आत टाकताना) नेहमी एकच चाल करतात. बस. चाळीस मिनिटं आम्ही पायात चप्पल घालून, चेंडूशिवाय, तेवढंच चाललो. पळालो नाही, चाललो. रात्री जेवताना प्रत्येकीला विचारलं, सात नंबर कुठे जाते? आम्ही तोंडात घास घेऊन: डावीकडे!

दुसऱ्या दिवशी बारा गुणांनी जिंकलो.

पण ते जमलं कशामुळे? बाकी सगळं आधीच अंगात भिनलेलं होतं म्हणून. मॅन-टू-मॅन डिफेन्स, बॉक्सआऊट, पळत परत येणं, ह्यातलं काही त्या रात्री शिकवावं लागलं नाही. इझोच्या संघाची प्रॅक्टिस प्रसिद्ध आहे. रिबाऊंडच्या ड्रिलला ते "वॉर"च म्हणतात, आणि एकेकाळी पोरांना अमेरिकन फुटबॉलचे हेल्मेट आणि खांद्याचे पॅड घालून चेंडूसाठी भिडायला लावलंय त्याने. असा पाया असला की एका दिवसात दोन गोष्टी सांगून भागतं. समोरच्याचं भागत नाही, कारण त्याची चाल गुंतागुंतीची असते आणि ती बसवायला आठवडा लागतो.

आता उपांत्य फेरीचं. तिथे समोरच्यालाही आठवडा मिळतो. शेवटच्या सोळांचा सामना आणि उपांत्य सामना हे दोन्ही आठवड्याच्या सुट्टीनंतरचे, दोन्ही मिळून इझो १३-११. साधा माणूस होतो तो तिथे. जादू संपते असं नाही, समोरच्याला जादू बघून ठेवायला वेळ मिळतो.

---

जुनाभिडू_कोपरी | २ एप्रिल, सकाळी ७:३०

एवढा काथ्याकूट! जॉन वुडन. यूसीएलए. १९६४ ते १९७५, बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातली सात ओळीने. बाकी सगळे दुकान बंद करा.

---

ऐरोली_नॉकआऊट | २ एप्रिल, सकाळी ९:१०

भिडू, वुडनला दंडवत. पण तेव्हा स्पर्धेत पंचविसाच्या आसपास संघ असायचे आणि एका कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या गटातून) एकच. १९६४चं विजेतेपद चार सामन्यांत आलं. आणि तो यूसीएलएला १९४८ साली आला होता. पहिलं विजेतेपद सोळाव्या हंगामात. आज इतकी वर्षं कुणी थांबू देतं का?

@पॉइंटगार्ड_नेरुळ, गणित मागे घेतो. पण तुमच्या आकड्यांवरून मला उलट वाटतंय. आठवडा मिळाल्यावर समोरचा कोच तयारी करून येतो आणि हा येत नाही, असंच नाही का झालं? ती कोचचीच कमतरता. २००१ बघा. पहिलं मानांकन, मागच्या वर्षीचे विजेते, ॲरिझोनाकडून ८०-६१. एकोणीस गुण म्हणजे नशीब नव्हे.

---

खारघर_काका | २ एप्रिल, दुपारी १२:५०

अमेरिकेतल्या कोचच्या वह्या मांडताय. आपल्या मैदानांवरचे बोर्ड कोण मांडणार? आमच्या सेक्टरमधल्या कोर्टावर रिंगला दोन वर्षं जाळी नाही आणि संध्याकाळी तिथे स्कूटर शिकतात. एवढंच बोलायचं होतं. चालू द्या.

---

नौपाडा_झोन | २ एप्रिल, रात्री ९:३०

खारघरवाले, तुमचं शंभर टक्के मान्य. जाळी स्वतः आणून बांधा, मी तसंच करायचो. नायलॉनची दोरी, बारा गाठी, पावसाळ्याआधी काढून ठेवायची. स्कूटरचं मात्र मलाही जमलं नाही.

नेरुळकर ताई, तुमची पोस्ट हिला वाचून दाखवली. चप्पल घालून चाललात ते तिला फार आवडलं. म्हणाली, "तू पोरांना नुसतं पळवायचास." खोटं नाही.

मी काल रात्री तुमच्या पद्धतीने वही पुन्हा मांडली. बेरजा बरोबर आहेत. नोकरीत असतो तर तुमच्याकडून स्टॉक व्हेरिफिकेशन करून घेतलं असतं.

आता ऐरोलीकरांच्या मुद्द्याकडे येतो. हरलेले सहा उपांत्य सामने एकेक करून बघितले. सरसकट मोजायचे नाहीत असं ठरवलं.

२००१: तुमचं खरं. बचाव नाही. लाल पेन. २०१२लाही पहिलं मानांकन होतं आणि लुईव्हिलने शेवटच्या सोळांत ५७-४४ वर गुंडाळलं, तेही लाल. ४४ गुण हो! आमची पोरं सिमेंटवर उन्हात जास्त करायची.

१९९९ला ड्यूक, ६८-६२. त्या वर्षीचा ड्यूकचा संघ बघितला तर सहा गुणांनी हरणं हे जवळजवळ जिंकणंच होतं. ह्याला मी काळी शाई देतो. २००५ला पाचव्या मानांकनाचा संघ. आधी ड्यूकला काढलं, मग केंटकीला डबल ओव्हरटाइममध्ये ९४-८८. मग नॉर्थ कॅरोलायनाने हरवलं, जे पुढे विजेते झाले. २०१५ला सातवं मानांकन, व्हर्जिनिया, ओक्लाहोमा, लुईव्हिल अशी तीन घरं पालथी घातली आणि ड्यूकने ८१-६१ केलं. तेही पुढे विजेते. सातव्या मानांकनाच्या पोरांनी पहिल्या मानांकनाला वीस गुणांनी हरावं ह्यात कोचने कशाची मान खाली घालायची?

आणि २०१०. हा सामना मी कधीच विसरणार नाही, कारण त्याची सुरुवात दोन आठवडे आधी आहे. दुसऱ्या फेरीत मेरीलँडविरुद्ध त्यांचा मुख्य गार्ड कॅलिन लूकस, त्याच्या टाचेमागची शीर फाटली. अकिलीस. खेळ खलास. त्याच्या जागी कोरी लूशियस, बदली पोरगा. मेरीलँडने एका गुणाची आघाडी घेतली, आणि शेवटच्या क्षणी ह्या बदली पोराने तीनचा टाकला. ८५-८३. तिथून शेवटच्या सोळांतला सामना जिंकला, मग टेनेसीला ७०-६९ असं एका गुणाने काढलं, आणि बटलरकडून ५२-५० ने हरले. मुख्य गार्ड कुबड्यांवर, तरी अंतिम सामन्यापासून दोन गुण लांब. जावईबापूंच्या हिशोबात हे "आणखी एक उपांत्य पराभव". माझ्या वहीत त्या पानाला मी कोपरा मुडपून ठेवलाय.

२०१९चं टेक्सास टेक, ६१-५१, ते अर्धं लाल. आदल्या आठवड्यात ड्यूकला ६८-६७ ने काढून आले होते आणि दमले होते हे खरं, पण आठवडा सगळ्यांनाच असतो.

म्हणजे सहापैकी दीड पराभव त्याच्या नावावर, साडेचार नाहीत, कारण त्यातल्या बहुतेक ठिकाणी तो मुळात असायलाच नको होता. आता नॉर्थ कॅरोलायनाचा डीन स्मिथ घ्या. सहा वेळा फायनल फोरमधून हात हलवत परत आला. लोक तेच म्हणायचे, उंबरठ्यापर्यंतच. सातव्यांदा, १९८२ला, ६३-६२ ने जिंकला. शॉट मारला कोणी? मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने. तो चेंडू रिंगला लागून बाहेर आला असता तर डीन स्मिथ वाईट कोच ठरला असता का?

त्याचं दुसरं विजेतेपद १९९३चं, ते कोणाविरुद्ध आणि कशामुळे, हे मी जावयाला जेवणाच्या ताटावर कधीच काढत नाही. मिशिगनच्या वेबरने अकरा सेकंद उरलेली असताना टाइमआऊट मागितला. शिल्लक एकही नव्हता. टेक्निकल फाऊल (नियम मोडल्याचा दंड), ७७-७१. अकरा सेकंद, टाइमआऊट शिल्लक नाही. माझ्यानंतर त्याचं दुःख कळणारा माणूस ठाण्यात दुसरा नसेल.

---

पॉइंटगार्ड_नेरुळ | ३ एप्रिल, सकाळी ८:४५

काका, दीड-साडेचारचा निकाल मान्य. फक्त एक. हाच न्याय विजयांनाही लावा. २०००ला पहिलं मानांकन होतं, वाटेत व्हिस्कॉन्सिनसारखा आठव्या मानांकनाचा संघ उपांत्य फेरीत मिळाला, ५३-४१. नशीब तिथेही होतं.

---

नौपाडा_झोन | ३ एप्रिल, सकाळी ९:००

लावला. अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध कर्णधार क्लीव्ह्जचा घोटा मुरगळला, तो लंगडत परत आला आणि ८९-७६ ने जिंकले, ते पण लिहा मग शेजारी.

---

नौपाडा_झोन | ८ एप्रिल, सकाळी १०:१५

अंतिम सामना बघितला का कोणी? आज सकाळी चहाबरोबर. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३.

ह्यूस्टनचा कोच केल्विन सॅम्पसन, ६९ वर्षांचा. तिसरा फायनल फोर (२००२ला ओक्लाहोमा, मग २०२१ आणि आता ह्यूस्टन), विजेतेपद एकही नाही. उपांत्य सामन्यात ड्यूकला मागून येऊन ७०-६७ ने काढलं होतं. आजही दुसऱ्या हाफमध्ये बारा गुणांची आघाडी होती. शेवटी दोन गुणांनी मागे, चेंडू त्यांच्याकडे. पोराने तीनच्या रेषेबाहेर चेंडू घेतला, उडी मारली, समोरून फ्लोरिडाचा क्लेटन हात वर करून झेपावला. शॉट मारला तर ब्लॉक, चेंडू घेऊन खाली आला तर ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग आणि चेंडू समोरच्याला. हवेतच पोराने चेंडू सोडून दिला. चेंडू टप्पे खात राहिला आणि तो पोरगा त्याच्या शेजारी उभा. हात लावता येत नाही, लावला की शिट्टी. बाकीचे येईपर्यंत वेळ संपला. शॉट नाहीच.

मी चहाचा कप तसाच धरून होतो. ही म्हणाली, "तुझा कोपऱ्यातून निदान गेला तरी होता."

जावईबापूंचा आज मेसेज नाही, सरळ फोनच आला. इझोचा विषय काढला नाही. विचारत होते, सॅम्पसनचं पण असं फेरीवार पान मांडता येईल का.

मांडायला घेतलंय. वहीत पान २५ पासून पुढची पानं कोरी आहेत. ह्यूस्टनची वर्षं झाली, ओक्लाहोमाची अर्धी राहिलीत. नेरुळकर ताई, विश्रांतीचा रकाना तुम्ही बघाल का?